सातवणीचा काढा आणि एकाआड दिवसाची थंडी

महोदय,

हिवतापावर सातवणीच्या सालीचा काढा हा रामबाण उपाय असल्याचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हाच पुरावा’ असा लेखकाचा सूर आहे. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नोकरीभर तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या, म्हणून या पुराव्याबद्दल लिहिते.

काढा पिऊन आलेले पुष्कळ पाहिले. बहुतेकांचे म्हणणे एकच: काल हींव भरले, काढा घेतला, रात्री घाम फुटला, आज बरा आहे, घरची ऐकत नाहीत म्हणून आलो. बोट टोचून थेंब घ्यावा, काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी, तर तांबड्या पेशींत व्हायवॅक्स या हिवतापाच्या प्रकाराचे परजीवी निवांत बसलेले! त्या माणसाचेही काही चुकत नाही. या तापाची रीतच तशी. आधी हुडहुडी, मग अंग भाजणारा ताप, मग घाम आणि काही तासांत सगळे शांत. साधारण 48 तासांनी परजीवी नव्याने पेशी फोडतात, तेव्हा पुन्हा थंडी. मधल्या दिवशी माणूस शेतावरसुद्धा जातो. थंडीच्या दिवशी काढा द्या नाहीतर नुसती पेज द्या, दुसऱ्या दिवशी गुण दिसणारच.

मग सालीत काहीच नाही? तसेही म्हणवत नाही. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिवतापाची लागण केलेल्या उंदरांना सालीचा अर्क दिला होता. रक्तातले परजीवी त्याने मारले नाहीत, पण उंदरांची अवस्था सुधारली आणि ते उशिरा मेले. आमच्या सासूबाई ‘काढ्याने हुशारी येते’ म्हणायच्या, ते अगदीच हवेतले नसावे. पण हुशारी येणे वेगळे आणि रोग जाणे वेगळे.

माणसांवरचा पुरावाही आहे, लेखकाने तो टाळला. केंद्रीय आयुर्वेदीय संशोधन परिषदेची ‘आयुष-64’ ही गोळी मुळात हिवतापासाठीच केलेली. तिच्यात सातवीण, किराईत, कुटकी आणि सागरगोटा. व्हायवॅक्सच्या रुग्णांवर तिची क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाशी तुलना झाली, ती 2000 साली छापून आली. 28 दिवसांनंतर क्लोरोक्विनवाले सगळे बरे होते, गोळीवाले जेमतेम निम्मे. मापून केलेल्या गोळीची ही कथा, तर मूठभर साल अंदाजाने उकळून काय साधणार?

लेखात वनस्पतीतून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध शोधून नोबेल मिळवणाऱ्या चिनी संशोधक तू योयो यांचाही दाखला आहे. पण त्यांना यश उकळलेल्या काढ्याने मिळाले नव्हते. जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती नुसत्या पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, त्यातले द्रव्य वेगळे केले आणि मग रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्याच वनस्पतीचा चहा हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. झाड ओळखायचे कसे, याची एक ओळही लेखात नाही. आपल्या रानात काजराही आहे आणि त्याची साल विषारी असते. सातवणीची पाने फांदीभोवती चक्रासारखी, साल खरवडली की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पाने समोरासमोर, चीक नाही. अर्थात चीक आला म्हणजे सातवीणच, असेही नव्हे. शहरातून रविवारी रान बघायला येणाऱ्यांनी पेपर वाचून कोयता हातात घेऊ नये.

शिवाय थंडी वाजून ताप लेप्टोस्पायरोसिसचाही असतो, डेंग्यूचाही. फाल्सिपेरम हा हिवतापाचा घातक प्रकार असला तर काढ्यात घालवलेले दोन दिवस जिवावर बेततात. व्हायवॅक्स यकृतात दडून काही महिन्यांनी पुन्हा उलटतो, म्हणून प्रायमाक्विन ही गोळी 14 दिवस घ्यावी लागते. लोक तिसऱ्या दिवशी बंद करतात आणि पुढे ‘हवा बदलली’ म्हणतात.

आपण असे लेख पुन्हा छापाल तेव्हा सोबत एक चौकट द्यावी: सरकारी आरोग्य केंद्रात हिवतापासाठी रक्त फुकट तपासतात. काढा प्यायचाच असेल तर रक्त देऊन आल्यावर प्यावा. परजीवी थोडे असले की एका थेंबात सापडतीलच असे नाही, तेव्हा पहिली तपासणी कोरी निघाली आणि थंडी पुन्हा भरली, तर परत येऊन रक्त द्यावे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वाळपई, सत्तरी