शाळेची परिवहन समिती आहे कुठे?

महोदय,

सकाळी साडेसहाला फुलेवाडीत नातीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो. परवा सहज मोजलं, तर सात जणांच्या गाडीत तेरा पोरं! दप्तरं मागच्या काचेला टेकलेली, एक चिमुरडी दाराची कडी धरून उभी. मदतनीस नाहीच. चालकाला हटकलं तर म्हणाला, ‘काका, परवडत नाही.’ त्याचंही अगदी खोटं नाही; भाडं शंभर रुपयांनी वाढवलं की कुरकुरणारे आम्हीच.

राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. पालकांचा प्रतिनिधी, पोलिस आणि आरटीओचे निरीक्षकही त्यात असतात. गाडीचं फिटनेस, विमा, चालकाचा परवाना, प्रथमोपचार पेटी तपासणं, थांबे आणि भाडं ठरवणं हे तिचंच काम. शाळेत चौकशी केली, तर ‘व्हॅन तुम्ही लावलीय, आमचा काय संबंध?’ समितीवर पालक कोण, हे तीन वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

निदान येत्या जूनआधी प्रत्येक शाळेनं समितीच्या सदस्यांची नावं आणि तपासलेल्या गाड्यांचे नंबर फाटकाजवळच्या फळ्यावर लिहावेत. खडूचाच काय तो खर्च.

– एक आजोबा, फुलेवाडी, कोल्हापूर