आई, आजच विचार

ती. आईस,
सा. न.

काल फोनवर दादा शेजारीच बसला होता, म्हणून मला बोलता आलं नाही. लिहून पाठवतेय. आधी एकटीने वाच, मग बाबांना वाचून दाखव.

बँकेची, विम्याची सगळी कागदं दादाने एका फाइलमध्ये लावली, "माझ्यामागे तुम्हाला शोधाशोध नको" म्हणाला, हे तू कौतुकाने सांगितलंस. आई, मला रात्रभर झोप नाही. तीन आठवडे तो धड झोपत नव्हता, कुणाचे फोन घेत नव्हता, आणि आता अचानक शांत होऊन आवराआवर करतोय. तो सावरला असेल तर देव पावला. पण मनाशी काही ठरवून टाकलेला माणूसही असाच निवांत दिसतो.

म्हणून त्याला आजच विचार, आडवळण नको. "बाळा, जीव द्यावासा वाटतो का तुला?" असंच विचार. विचारल्याने नसलेलं डोक्यात शिरेल ही भीती मलाही होती. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर तुला रडू येईल, येऊ दे. पण "आम्ही काय कमी केलं" असं म्हणू नकोस. कसं, कधी, काही आणून ठेवलंय का, हेही विचार. "कुणाला सांगू नकोस" म्हणाला तरी तसं वचन देऊ नकोस.

मग त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. बाबांच्या गोळ्या, कीटकनाशक, सगळं घराबाहेर काढा. ती टोकाची लाट पुष्कळदा थोडाच वेळ टिकते, आणि तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

१४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्याने काही केलंच किंवा करायला निघाला तर थेट ११२, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या दवाखान्यात, अपघात विभागात. मानसोपचारतज्ज्ञ हजर नसले तरी थांबू नका. जिवाला धोका असेल तर कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात.

बाबा पोलिसांना घाबरतील. त्यांना सांग, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही. लोक काय म्हणतील याचा विचार मात्र आज कुणी करू नका, मी हात जोडते.

मी तिकीट बघतेय, पण माझी वाट पाहू नका. त्याच्याशी बोललीस की फक्त "विचारलं" एवढं कळव. कितीही वाजलेले असोत, मी जागी आहे.

तुझी,
छकुली