राई राखायची तर वरचा डोंगरही राखावा लागेल

मा. संपादक,
स. न.

दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे भालांडेश्वराच्या देवराईत असलेल्या रानजायफळांच्या दलदलीला राज्य शासनाने 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, याबद्दल शासनाचे अभिनंदन करायलाच हवे. मात्र या दर्जाखाली आलेले क्षेत्र अवघे 2.59 हेक्टर आहे आणि तेवढ्यावर समाधान मानले तर ही राई आपल्या हातून जाईल, अशी भीती वाटते.

ही झाडे जायफळाच्या कुळातील असून हे कुळ सपुष्प वनस्पतींमधील अतिप्राचीन कुळांपैकी एक मानले जाते. बांबर्डे येथील मिरिस्टिका मॅग्निफिका ही जाती केवळ पश्चिम घाटात आढळते आणि तिची गणना संकटग्रस्त वनस्पतींत होते. चिखलात हवा खेळत नसल्यामुळे या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर येतात आणि श्वास घेतात. कोकणच्या सदाहरित जंगलातही असे दृश्य इतरत्र सहसा पाहायला मिळत नाही. केरळात, कर्नाटकात आणि गोव्यातील सत्तरी तालुक्यात अशा दलदली आहेत, पण त्यांतील बऱ्याच जागा भातशेती आणि सुपारीच्या बागांसाठी केव्हाच मोडल्या गेल्या. बांबर्ड्याची राई वाचली ती देवाच्या धाकाने आणि गावकऱ्यांच्या निष्ठेने. तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली ती 2018 मध्ये.

या झाडांत नर व मादी वेगवेगळे असतात, म्हणजे फळ धरते ते काही झाडांनाच. बी वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर नष्ट होते, म्हणून ते ओलसर जमिनीत वेळेवर पडावे लागते. लाल जायपत्रीने वेढलेल्या या मोठ्या बिया दूरवर नेण्याचे काम प्रामुख्याने धनेश, म्हणजे आपल्याकडचा माडगरुड, करतो आणि त्याला घरट्यासाठी जुन्या, उंच वृक्षांच्या ढोल्या लागतात. अशी ढोलीची झाडे अडीच हेक्टरांत कितीशी असणार? ती आजूबाजूच्या डोंगरांवर आहेत, दलदलीला मिळणारे पाणीही त्याच उतारांवर मुरून येते, आणि नेमके तेच उतार या दर्जाबाहेर आहेत.

दोडामार्ग तालुक्यात गेल्या काही वर्षांत खासगी मालकीच्या डोंगरांवरील जंगल तोडून रबर आणि अननसाची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील 25 गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घेण्याविषयी निर्देश दिले, त्यामागेही हीच चिंता आहे. जमीनमालकांना मी दोष देत नाही. ज्याचे पोट त्या डोंगरावर आहे, त्याला केवळ निसर्गप्रेमाचे धडे देणे अन्यायाचे होईल.

म्हणून राज्य जैवविविधता मंडळाने राईला पाणी देणाऱ्या संपूर्ण पाणलोटाचे सर्वेक्षण करून त्याची हद्द ठरवावी, त्या हद्दीतील जे मालक जुनी झाडे उभी ठेवतील त्यांना दरवर्षी ठरावीक मोबदला द्यावा, आणि रानजायफळाची रोपवाटिका गावातच उभारून तिचे काम गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे सोपवावे. राई पाहायला येणाऱ्यांसाठी रस्ता किंवा वाहनतळ करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो या तीन गोष्टी पुऱ्या होईपर्यंत बाजूला ठेवावा.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी