तपासणीच्या दुसऱ्या फेरीसाठी मदत हवी आहे

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली मंडळी, या सर्वांना महिला मंडळाचा नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आपण सगळ्यांनी सढळ हाताने दिलेत म्हणून शाळेच्या दोन खोल्यांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी झाली. १८६ बायका आल्या. आता दुसरी फेरी करायची म्हणून वर्गणीला फिरलो, तर बऱ्याच घरी एकच प्रश्न आला, "एकदा झाली ना तपासणी, आता परत कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच मुलखात सापडलं आहे.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. नेने आणि टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या, आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या. काही गावांत हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काही गावांत आपल्याकडे झाली तशी व्हिनेगर लावून करायची तपासणी आणि काही गावांत फक्त माहिती. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. फक्त माहिती मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. व्हिनेगरची तपासणी एकदाच झालेल्या गटात मात्र मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत.

मग ती तपासणी वाया गेली का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हीच तपासणी केली, पण दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि नीट तयार केलेल्या बायका होत्या. दीड लाख बायकांच्या त्या अभ्यासात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली शिकागोच्या परिषदेत हे जगापुढे मांडलं गेलं. एचपीव्हीची चाचणी आज आपल्या मंडळाला परवडत नाही. व्हिनेगरची परवडते, पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते. पहिल्या फेरीवर थांबलो तर तेव्हाचे पैसे आणि बायकांनी गोळा केलेलं धाडस, दोन्ही अर्धवट राहील.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर बाईला झोपवतात, आडोशाला साडी बांधलेली असते. पिशवीच्या तोंडाला कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर लावतात आणि मिनिटभर थांबतात. बॅटरीच्या उजेडात पांढरा डाग उठला तर पुढे दाखवायचं, नाहीतर घरी जायचं. कॅन्सर व्हायच्या आधीचा हा बदल पुढे सरकायला कित्येक वर्षं घेतो, म्हणून वेळेत सापडला तर पिशवी न काढताही बरा करता येतो.

मागच्या वेळी पाच जणींना डाग दिसला. चौघी बार्शीला जाऊन आल्या. पाचवी गेली नाही. सोयाबीनची काढणी होती, एसटी सकाळी एकच, सोबतीला कोणी नाही आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार. आम्ही तिच्या दारात तीनदा गेलो, पण गाडीची सोय करू शकलो नाही. ती दहा महिन्यांनी बार्शीला गेली, तेव्हा दुखणं पुढे गेलं होतं. सध्या तिचे शेक (रेडिएशन) चालू आहेत. ही चूक मंडळाची आहे, तिची नाही.

म्हणून यंदा निम्म्याहून जास्त पैसे तपासणीला नाही, तपासणीनंतरच्या सोयीला ठेवले आहेत: जीपचं भाडं, सोबत जाणाऱ्या बाईची आणि रुग्णाची बुडालेली मजुरी, मुक्काम पडला तर जेवण. उरलेल्यात हातमोजे, कापूस, अवजारं उकळायचं भांडं आणि भाड्याचा जनरेटर. एकूण ९० हजार लागतील, ३२ हजार जमले आहेत.

शिबिर दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर आहे. वर्गणी ग्रामपंचायतीच्या कचेरीत सकाळी दहा ते बारा द्यावी आणि पावती घ्यावी. पन्नास रुपयेही चालतील. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनी एक दिवस दिला तरी मोठं काम होईल. आणि पुरुष मंडळींना हात जोडून एकच सांगणं, तपासणीच्या दिवशी घरातल्या बाईला रानात पाठवू नका.