रहस्यकथा, शेवगा आणि एकच प्रत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने तक्रार केली आहे, की वाचनालयांच्या देवघेव काउंटरवर हल्ली रहस्यकथांनाच मागणी असते, 'गंभीर' वाचन संपले. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या नाशिकला हे शोभत नाही, असाही त्यांचा सूर आहे. त्यांची कळकळ समजते, पण म्हणणे पटत नाही. गेले सात शनिवार आम्ही अकरा जण मिळून एक रहस्यकादंबरी वाचली. बी.ए.ला मराठी घेऊनही इतक्या बारकाईने मी कधी काही वाचले नव्हते.

कादंबरी अनुवादित आहे. इंग्लंडमधल्या एका उपनगरात पाठीला पाठ लावून दोन घरे आहेत. मध्ये झाडांचे हिरवे कुंपण आहे आणि ते वाढत जाते. त्यावरून भांडण, मग एक प्रेत. नाव देत नाही, कारण पुस्तकासाठी अजून चार जण नंबर लावून बसले आहेत आणि मी चुकून एखादा शब्द जास्त लिहून बसेन.

प्रत एकच. अकरा जणांनी ती वाचायची कशी? ग्रंथपाल बाईंनी तोड काढली. शनिवारी पाच वाजता वरच्या हॉलमध्ये आळीपाळीने मोठ्याने वाचायचे, आणि आठवड्यात ज्याला मागचे पुन्हा वाचायचे असेल त्याने पुस्तक घरी न्यायचे. मात्र न वाचलेल्या पानांना रबर लावून. रबर काढायचे नाही, ही शपथ. (एका आजोबांनी काढले. पुढच्या शनिवारी ते फारच गप्प होते, त्यावरून आम्हाला कळले.)

त्यात नवव्या पानावर कोणा आधीच्या सभासदाने एका पात्राच्या नावाला पेन्सिलने गोल करून 'खुनी हाच' असे लिहून ठेवलेले. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. ग्रंथपाल बाई खोडरबर घेऊन आल्या, पण आता खोडून काय उपयोग? आम्ही सात आठवडे त्या बिचाऱ्या पात्राच्या प्रत्येक वाक्यात काळेबेरे शोधत राहिलो. शेवटी कळले, पेन्सिलवाल्याने धडधडीत थाप मारली होती. त्याच्याइतका हुशार रहस्यलेखक मी तरी पाहिलेला नाही.

पण खरी गंमत कुंपणाची. कादंबरीतली एक बाई कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, तक्रार अर्ज करते. आमच्यातल्या कायदा शिकणाऱ्या मुलीने शोधून सांगितले, की तिकडे २००३ च्या कायद्यात याची खास तरतूदच आहे. सदाहरित झाडांचे कुंपण दोन मीटरच्या वर जाऊन शेजाऱ्याला त्रास होत असेल, तर कौन्सिलकडे दाद मागता येते. आमच्या गटातले निवृत्त तलाठी भाऊसाहेब यावर खो खो हसले. त्यांची सगळी नोकरी निफाडकडच्या गावांत गेली. द्राक्षबागांतले बांध, बांधावरची बाभळ, अडवलेली वाट. 'आमच्याकडं झाड नाही वाढत, बांध चालतो. दरवर्षी नांगराच्या एका सरीने,' ते म्हणाले. मग मोजणी, हद्दीच्या खुणा, वाट अडवली म्हणून १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे दावा. जानेवारी २०२३ मध्ये शासनाने सलोखा योजना काढली, तीही त्यांनीच समजावली. याची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, असे १२ वर्षे चालले असेल तर अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फीत व्हावा, अशी ती योजना. 'आणि तरी लोक सही करायला समोरासमोर बसत नाहीत,' ही पुस्ती त्यांचीच.

या भाऊसाहेबांनीच कादंबरी उकलली. तिच्यात एक प्रकरण एका शेजाऱ्याच्या तोंडून येते, पुढचे दुसऱ्याच्या. आम्ही अर्थातच दोन तट पाडून बसलो होतो. ज्यांची बाग आहे ते झाडवालीच्या बाजूने, आणि सोसायटीचे चेअरमन असलेले काका तक्रारवालीच्या. चौथ्या शनिवारी भाऊसाहेब म्हणाले, 'माणूस अर्ज लिहायला बसला, की समोरच्यानं काय केलं तिथूनच सुरुवात करतो. आपण आदल्या दिवशी काय केलं ते अर्जात नसतं. मी आधी तो आदला दिवस शोधायचो.' मग आम्ही रबराच्या अलीकडची सगळी पाने पुन्हा उलटली आणि तो आदला दिवस आम्हाला सापडला. अर्ध्या ओळीत, बोलता बोलता टाकलेला. एकटीने वाचले असते तर ती ओळ मी खून कधी होतो या घाईत ओलांडून गेले असते. पत्रलेखक ज्याला गंभीर वाचन म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

माझे वडील तर बाबूराव अर्नाळकर वाचून वाचक झाले. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्यावर पोसलेली पिढी पुढे वाचनालयांची वर्गणी भरत राहिली, हेही विसरू नये.

आता माझी मागणी. नाशिकमधल्या वाचनालयांनी वाचकगटांसाठी वर्षाला निदान दोन-तीन पुस्तकांच्या चार-चार प्रती घ्याव्यात, किंवा आपापसांत प्रती उसन्या द्याव्यात. एका प्रतीवर गट चालत नाही. याला माझे एक खासगी कारणही आहे, ते लिहिते.

आम्ही इंदिरानगरला रो-हाउसमध्ये राहतो. माझ्या दारातल्या शेवग्याच्या फांद्या शेजारच्या अंगणात जात. पावसाळ्यात त्यावर सुरवंट होतात, हे कबूल. एके दिवशी सकाळी उठून पाहते तो फांद्या बुंध्यापर्यंत छाटलेल्या, शेंगांसकट. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही दोन्ही घरे बोलत नाही. (भाऊसाहेबांचे ऐकल्यापासून आदला दिवस आठवायचा प्रयत्न करते आहे. त्या आधीच्या पावसाळ्यात त्यांच्या नातवाच्या अंगावर पित्त उठले होते, असे काहीतरी ऐकल्याचे आठवते.) तर त्या शेजारीणबाई तिसऱ्या शनिवारी आमच्या गटात आल्या. वाचतात छान, आवाज खणखणीत आहे. हॉलमध्ये आम्ही एकमेकींशी नाही, कादंबरीशी बोलतो.

गेल्या शनिवारी पुस्तक संपले, आणि शेवट पटला नाही म्हणून चौथे प्रकरण पुन्हा बघायचे आम्हा दोघींनाही. ग्रंथपाल बाईंनी दोघींची नावे एकाच ओळीत लिहिली आणि पुस्तक माझ्या हातात दिले. मी ते इस्त्रीवाल्याकडे दिले. तो दोन्ही घरांचे कपडे नेतो, त्याने गाठोड्यातून पलीकडे पोचवले. काल ते तसेच परत आले, माझ्या चादरीच्या घडीत. चौथ्या प्रकरणात मार्जिनवर पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह होते, ज्या ओळीशी मीही अडले होते त्याच ओळीशी. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणे मला अजिबात मान्य नाही. तरी मी खाली उत्तर लिहिले, आणि पुस्तक आज पुन्हा इस्त्रीवाल्याच्या टेबलावर ठेवून आले आहे. परत करायची तारीख सोमवार आहे.

आपली,
एक सभासद, इंदिरानगर, नाशिक