क्षणभर जगणाऱ्या रेणूंविषयी

पुणे

प्रिय अभय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘पाण्यात तयार होऊन पापणी लवायच्या आत नाहीसा होणारा पदार्थ तुम्ही वेगळा तरी कसा काढता?’ हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी आमची रोजची कॅपिलरी बघ, म्हणजे द्रावणातले पदार्थ विजेच्या जोरावर वेगळे करायची बारीक नळी (या रीतीला कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात). काचेची नळी, आतलं भोक ५० ते ७५ मायक्रोमीटर, वरून तपकिरी पॉलिमरचा लेप. सकाळी आधी सोडियम हायड्रॉक्साइड, मग पाणी, मग बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) आतून फिरवायचं. पुढे सरकणारे पदार्थ टिपायला प्रकाश आरपार जावा म्हणून एका जागचा लेप ज्योतीवर जाळून अल्कोहोलने पुसायचा. तेवढा उघडा तुकडा इतका नाजूक होतो, की हात जरा वाकडा पडला तर कट्‌कन तुटतो. १९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाच यांनी अशाच बारीक नळीला ३० हजार व्होल्टपर्यंत दाब देऊन दाखवला. जाड नळीत एवढ्या विजेने द्रावण तापून सगळं कालवलं गेलं असतं. बारीक नळीतली उष्णता भिंतीतून पटकन निघून जाते. भार आणि आकार यांप्रमाणे प्रत्येक आयनाचा वेग निराळा, म्हणून ते पुढेमागे होतात.

पण अर्ध्या मीटरच्या नळीत सेंटिमीटरला ३०० व्होल्ट असले, तरी पाच-सहा मिनिटं सहज जातात. मिलिसेकंदात संपणारा रेणू एवढा वेळ कुठून काढणार? इथेच मला सगळ्यात आवडणारं काम येतं: ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात प्लेनर्ट आणि शियर यांनी केलेलं, २००३ मध्ये छापून आलेलं. त्यांनी रेणूला थांबवायचा प्रयत्नच केला नाही, त्याची वाट आखूड केली. सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या जातीची संयुगं, म्हणजे हायड्रॉक्सीइंडोल, पाण्यात घेतली, लेझर एका बिंदूवर एकवटून तिथेच अल्पजीवी पदार्थ जन्माला घातले आणि काही मायक्रोमीटर पुढे दुसऱ्या लेझर-बिंदूवर त्यांचा उजेड टिपला. मधलं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला लाखभर व्होल्ट! दहा मायक्रोसेकंदांच्या आत पदार्थ वेगळे झाले.

एवढ्याशा अंतरात ते एकमेकांत मिसळत कसे नाहीत, असं तू विचारशीलच. अरे, पसरायला त्यांना वेळच मिळत नाही. दहा मायक्रोसेकंदांत असा रेणू विसरणाने, म्हणजे आपोआप इकडेतिकडे पसरण्याने, जेमतेम ०.१ मायक्रोमीटर सरकतो. दहा मायक्रोमीटरच्या वाटेवर तेवढं पसरणं काहीच नाही.

नॉरिश आणि पोर्टर यांचं फ्लॅश फोटोलिसिस आपण एम.एस्सी.ला शिकलो होतो. प्रकाशाचा झोत टाकून क्षणिक पदार्थांचा वर्णपट घ्यायचा, ही रीत थोरच, पण तिथे सगळ्यांचे वर्णपट एकमेकांवर पडतात. दोन पदार्थ सारखाच प्रकाश शोषत असतील तर ते एकच वाटतात. वीज मात्र भार विचारते, आकार विचारते. अभिक्रियेच्या मधल्या टप्प्यावर कितीजण हजर होते, हे मोजायला माझ्या मते याहून सरळ वाट नाही. मर्यादाही आहे: रेणू उजळला तरच दिसतो, आणि दोघेही भारहीन असतील तर वीज त्यांना वेगळं करू शकत नाही.

आमच्या यंत्राला एवढा वेग नाही. आम्ही मिनिटभर तगणाऱ्या पदार्थांमागे आहोत. तरी नळी आखूड करत चाललोय.

तुझ्या बी.एस्सी.च्या मुलांना एक गणित घाल: नळी निम्मी केली आणि एकूण व्होल्ट तेवढेच ठेवले, तर वेळ किती पट कमी होईल? बहुतेक जण दोन म्हणतील. चार म्हणणारा भेटला तर त्याला सुट्टीत माझ्याकडे धाड.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीराम