योगदिनाच्या मांडवात खुर्चीही हवी

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या योगदिन पुरवणीत बी. के. एस. अय्यंगार यांच्यावर पानभर लेख आला, त्याबद्दल मनापासून आभार. मी पुण्यात त्यांच्याच पद्धतीने योग शिकवते. लेखात पद्म पुरस्कार होते, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन होते, उतारवयात शीर्षासन शिकलेली बेल्जियमची राणी एलिझाबेथ होती. सारे खरे आणि अभिमानाचे. छायाचित्रे मात्र एकूण एक अशा आसनांची होती, की ती पाहून माझ्या वर्गातल्या काकू पुरवणी मिटून म्हणाल्या, "हे आपल्याच्यानं व्हायचं नाही बाई." ज्यांनी आयुष्यभर नेमक्या अशाच लोकांसाठी काम केले, त्यांच्यावरचा लेख वाचून हे वाटावे याचे मला फार वाईट वाटले.

गुरुजींची स्वतःची सुरुवातच दुबळ्या शरीराने झाली. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, कर्नाटकातल्या बेळ्ळूरला त्यांचा जन्म झाला. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असे एकामागून एक आजार झाले. १९३४ साली ते म्हैसूरला मेहुण्यांकडे, टी. कृष्णमाचार्यांकडे गेले आणि तिथे आसने शिकले. १९३७ साली निवृत्त सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. वय अठरा, मराठी येत नव्हती, पुढ्यातले विद्यार्थी वयाने आणि शिक्षणाने मोठे. पुढे काम तुटपुंजे झाले, पोटभर जेवायला मिळायचे नाही असेही दिवस गेले. जवळ विचारायला गुरू नव्हता, म्हणून तासन्‌तास सराव करायचा आणि काय दुखते, कुठे ताण येतो, हे स्वतःच्याच अंगावर शोधायचे. त्यांच्या शिकवण्याचे मूळ मला या वर्षांत दिसते. ज्याला सगळे सहज जमते, त्याला दुसऱ्याचे कुठे अडते ते दिसत नाही.

लाकडी वीट, पट्टा, दोर, लोड, खुर्ची ही साधने त्या शोधातून आली. अजूनही पुष्कळ जण त्यांना कुबड्या समजतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून एका बाजूला झुकताना, हात खाली टेकवायच्या हट्टाने माणूस गुडघा वाकवतो, छाती जमिनीकडे पाडतो, श्वास कोंडतो. हात टेकतो, पण त्रिकोणासन राहत नाही. हाताखाली वीट दिली की पाय सरळ राहतो, कणा लांबतो, छाती उघडते. सर्वांगासनात, म्हणजे खांद्यांवर भार देऊन पाय वर उचलताना, खांद्याखाली घड्या घातलेली ब्लँकेटे ठेवून डोके त्याखालच्या पातळीवर टेकवतात, म्हणजे मानेला जागा मिळते. ज्याला तेही झेपत नाही, त्याच्यासाठी खुर्चीवरचे सर्वांगासन आहे. त्यासाठी लोखंडी घडीच्या खुर्चीची पाठीची पट्टी काढून टाकतात. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे साठी-सत्तरीतल्या किती जणांना उलट्या आसनांची विश्रांती मिळाली! १९७९ साली स्कूटरच्या अपघातानंतर, साठी उलटलेली असताना, गुरुजींना स्वतःचा सराव जवळजवळ नव्याने उभा करावा लागला होता. साधन म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

१९६६ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला, त्यातल्या शेकडो छायाचित्रांमुळे ते जगभर पोचले. माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम आहे मॉडेल कॉलनीतल्या संस्थेचा मेडिकल क्लास. पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ १९७५ साली सुरू झालेली ती संस्था. तिथे गुडघे, कंबर, हृदय, श्वास अशा नाना तक्रारींची माणसे एकाच दालनात, प्रत्येकाला वेगळा क्रम, वेगळी साधने. कन्या गीताताईंनी स्त्रियांच्या पाळीचा, गर्भारपणाचा, रजोनिवृत्तीचा विचार करून क्रम बसवले. आमच्यासारख्या शिक्षिका रोज त्यावरच चालतात. पुरवणीत गीताताईंचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता, ही उणीव मला मोठी वाटते.

गुरुजी अतिशय कडक होते. वर्गात ओरडत, थापट मारत, हे त्यांच्या शिष्यांनीच सांगितले आहे. शिकवताना हात उगारणे मला पटत नाही आणि माझ्या वर्गात ते होत नाही. पण त्यांची नजर मला हवी आहे. उभ्या माणसाच्या पायाच्या बोटांकडे पाहून त्याची कंबर का दुखते हे ओळखणारी ती नजर, एकेका शरीराला वेळ दिल्याखेरीज येत नाही.

आणि इथेच योगदिनाबद्दल बोलायला हवे. २१ जूनला मैदानावर शेकडो माणसे, व्यासपीठावर एक शिक्षक, ध्वनिक्षेपकावरून सूचना. वातावरण छान असते, नवे लोक येतात, मीही दरवर्षी जाते. पण पुढच्या आठवड्यात माझ्याकडे कंबर धरून लोक येतात, कारण हर्नियाचा पट्टा बांधलेल्यालाही शेजाऱ्याइतकेच वाकायचे असते आणि त्याला थांबवणारे जवळ कोणी नसते. मांडवाच्या एका बाजूला खुर्च्यांची रांग लावा. तिथे वेगळा शिक्षक उभा करा. रक्तदाब, गुडघेदुखी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना आधीच तिकडे बसवा. खुर्चीवर बसून भारद्वाजासनाचा पीळ देता येतो, खुर्चीच्या पाठीला धरून, कंबरेतून वाकून पाठ ताणायचे अधोमुख श्वानासन करता येते. ज्या मंगल कार्यालयात किंवा समाजमंदिरात हा कार्यक्रम होतो, तिथे खुर्च्या पडूनच असतात, वेगळा खर्च नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या पुरवणीत कोणतेही आसन छापाल, तेव्हा ते कोणी करू नये आणि ज्याला जमत नाही त्याने कशाचा आधार घ्यावा, हे त्याच चौकटीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा. मजकूर तपासून द्यायला माझ्यासारख्या कितीतरी शिक्षिका आनंदाने तयार होतील.

आपली,
एक योगशिक्षिका, पुणे